नळाच्या दिवशी येणारा चोर

धुळ्यातलं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. चोर रंगेहाथ सापडला, पण त्याला अटक करायची माझी छाती झाली नाही.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. बँकेत नुकतीच लागलेली कोल्हापूरकडची एक मुलगी तक्रार घेऊन आली. आमच्याच भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. ती कामावर असताना घरात कोणीतरी शिरतं, असं तिचं म्हणणं. कुलूप शाबूत, ऐवज शाबूत. पण चालू राहिलेला पंखा बंद, फरशी ओली, भांडी जागची हललेली. भीतीने पोरीची झोप उडाली होती.

"रविवारी बाबा न्यायला येतायत, साहेब. तोवर चोर सापडला नाही तर नोकरी सोडावी लागेल," म्हणताना तिचे डोळे भरले.

पंचनामा झाला. काहीच चोरीला न गेलेल्या चोरीला कलम कोणतं लावायचं, यावर ठाण्यात चेष्टाही झाली. मला मात्र तिची काळजी वाटत होती. तेवढ्याच वयाची मुलगी माझ्याही घरात होती.

खबर दिली ती माझ्या बायकोने. मी म्हटलं, उद्या लग्नाला जाऊ. ती म्हणाली, "उद्या नळ येणारे, मी हलायची नाही." धुळ्यात नळ रोज येत नाही, आणि येतो त्या दिवशी बाई घर सोडत नाही. मी तक्रारीतले दिवस ताडून पाहिले. आमच्याकडे नळ, त्याच दिवशी तिच्याकडे चोर!

दुसऱ्या दिवशी फ्लॅटवर गेलो. दाराचं कुलूप उघडलेलं, आणि आत घरमालकीण अक्का पदर खोचून पाण्याची मोटार लावत होत्या. तिथेच जबाब घेतला.

"अक्का, चावी कुठली?"

"घर मनं शे, चावी बी मनीच!" घर माझं, चावीही माझीच, असं अक्कांचं अहिराणीतलं रोखठोक उत्तर.

"भाडेकरूच्या घरात न विचारता शिरता?"

"मंग? लाईट-पानी भाड्यामा शे, आसं मीच तिले सांगं. नळ येस तवय ती बँकमा. पानी कोन भरी, तुम्ही?"

"आणि पंखा?"

"लाईट बी भाड्यामाच शे ना, भाऊ!"

मुलीला वाटत होतं, पाणी भाड्यात म्हणजे बिल भाड्यात, आणि टाकी आपोआप भरते. खरं कळल्यावर ती आधी हसली, मग अक्कांच्या गळ्यात पडून रडली. रविवारी वडील आले, अक्कांकडची शेवभाजी खाऊन घाम पुसत एकटेच परत गेले.

माया कितीही असली तरी दुसऱ्याच्या दाराचा मान राखावा, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. शिरण्याआधी दार वाजवायचं, अशी सक्त ताकीद मी अक्कांना दिली होती. पुढच्या नळाला मुद्दाम तिकडून गेलो. मुलगी बँकेत होती, दाराला बाहेरून कुलूप होतं. अक्कांनी ते दार दोनदा वाजवलं, थोडं थांबल्या आणि मग चावी लावली.