देवाला काय विचारलंस?

माझी सर्जरी सुटली ती हातांच्या कातडीपायी. बोटं थरथरत नव्हती, डोळेही शाबूत होते. पण रोज ब्रशने घासून, औषधी पाणी चोळून आणि रबरी मोजे घालून घालून हातांना भेगा पडायला लागल्या. मलमं झाली, सुट्ट्या झाल्या, झाडपाल्याचा लेपही झाला. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "चाकू सोडा, नाहीतर हात सोडा." बारा वर्षं लोकांची पोटं उघडून मिटणारा मी, गोवा घटक राज्य झालं त्याच्या आसपास पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सर्दी-पडशाच्या गोळ्या लिहायला येऊन बसलो.

मी मूळचा डिचोलीचा, आणि राग जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर. थिएटरात तो खपून जायचा, कारण तिथे पेशंट झोपलेला असतो. इथे पेशंट जागा, त्याची सासू जागी, शेजारीण जागी, आणि सगळे एकदम बोलणार! बाहेर मराठी की कोकणी म्हणून सभा गाजत होत्या. माझ्या बाकावरची माणसं दोन्ही भाषा मिसळून कण्हायची. मी अर्धं ऐकायचो आणि औषध लिहून मोकळा व्हायचो. तिथल्या सिस्टर माझ्याहून वयाने मोठ्या, त्याच गावच्या. पेशंट माझ्यासमोरून उठला की त्या त्याला बाजूला घेऊन उरलेलं अर्धं ऐकायच्या.

तिसऱ्या वर्षी, काजूच्या ऐन हंगामात, एक भट्टीवाला बायकोबरोबर आला. दगडी कुंडात काजूची बोंडं पायांनी तुडवून रस काढायचा आणि आंबवून त्याची दारू गाळायची, हा त्याचा धंदा. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. साखर कधीची वाढलेली, त्यामुळे पायात काटा मोडला तो कळलाच नव्हता. आणि सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून दोन-दोन उंडे पाव चालूच. मी स्पष्ट सांगितलं: दोन दिवसांत बोटं काढली तर पाय वाचेल, आठवडा गेला तर गुडघ्याखालून जाईल, त्याहून उशीर झाला तर माणूसच हाताला लागणार नाही. म्हापशाच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून पुढे केली.

बायको चिठ्ठी घेईना. "देवाक इचारल्याबिगर मी ह्येंका खंय न्हेवचंय नाय," म्हणाली.

म्हणजे प्रसाद घेणं. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या घरची लग्नंही अशीच ठरली होती, तरी माझं डोकं फिरलं. "विचार, विचार," मी ओरडलो, "आणि येताना लाकडंही तिथूनच घेऊन ये!"

बाईने नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि ती निघून गेली. ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. डावी पाकळी पडली होती. "देवान जाव नाका म्हणान सांगल्यान. लावूक काय मलम आसला तर दिया." मी कपाळाला हात लावला. तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर मध्ये पडल्या.

"तू देवाक काय इचारलंस गे?"

"अनवळखी डॉक्टराच्या हातात घोवाक दिव काय नको, असां इचारलंय."

"मगे बरोबरच सांगल्यान देवान," सिस्टर म्हणाल्या. "माका इचारलं असतंस तर मीय नकोच म्हटलं असतंय."

तेव्हा कुठे मला कळलं. ह्या बाईला चाकूची भीती नव्हतीच. नवऱ्याला कुणा परक्याच्या स्वाधीन करून दाराबाहेर बसायची तिला भीती होती. बारा वर्षांत मी शेकडो बायकांना तसं दाराबाहेर बसवलं होतं आणि एकीलाही विचारलं नव्हतं.

"आणि मी बरोबर आलो तर?" मी म्हणालो. "आत, टेबलापर्यंत?"

बोलून तर गेलो. सर्जरी सुटल्यापासून मी कुठल्याही थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातात चाकू बघवणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण बाई तोवर उठली होती. केंद्राची जीप काढली, वाटेत भट्टीवाल्याला उचललं आणि थेट देवळात गेलो. तिने नवा प्रश्न विचारला. थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. का पडली ते मला ठाऊक नाही, आणि विचार करायला वेळही नव्हता. दुपारी आम्ही म्हापशाला पोचलो.

कंबरेत भुलीचं इंजेक्शन दिल्यामुळे भट्टीवाला जागा होता. सर्जन माझ्याहून तरुण, हात छान चालत होता त्याचा. मी पहिल्यांदाच पडद्याच्या ह्या बाजूला, पेशंटच्या डोक्याशी उभा होतो. पलीकडे हत्यारं ताटात वाजली की ह्याच्या पापण्या थरथरत. हा आवाज जागा माणूस ऐकत असतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याला काजूबद्दल विचारत राहिलो. रस किती दिवस आंबवतोस, पहिली धार कशी ओळखतोस. तोही सांगत राहिला. दोन बोटं गेली, पाय राहिला. बाहेर येऊन बाईला सांगताना मला रडू आलं, आणि ती मलाच धीर देत बसली.

जखम भरल्यावर नवरा-बायकोने मला आणि सिस्टरना देवळात बोलावलं. तो नवी चप्पल घालून पायऱ्यांपर्यंत स्वतः चालत आला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं: पाय राखलास, तशीच भट्टी राख, पोरांबाळांना सुखी ठेव. दर वाक्याला सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी नुसता हात जोडून उभा होतो. मग गुरवाने माझ्याकडे बघून आवाज चढवला.

"आणि ह्यो जो डॉक्टर आसा, तेणी पणजेक बदली मागल्यान म्हणतत. ती बदली होव दिव नको, तेका हयच ठेव रे म्हाराजा!"

अर्ज खरंच गेला होता, कचेरीत फायली सांभाळायच्या जागेसाठी. सिस्टरशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सिस्टर आता वर घंटेकडे बघत होत्या. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत थांबले होते.

सगळ्यांच्या आधी माझ्याच तोंडून गेलं, "व्हय म्हाराजा!"