बावीस वर्षांची हेल्पर

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे डावरी म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते कुणाच्या तोंडात नाही. शाळेचे गणवेश आणि वॉचमनचे कपडे शिवणारा हा कारखाना. तिथे ती बावीस वर्षं कापड बेतते. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे पॅटर्न मांडायचे, खडूने आखायचं आणि विजेची सुरी चालवायची. सूतभर हात हलला की साठ शर्ट वाया. सुरीची मूठ उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली, ही ती डाव्या हाताने धरते, त्यामुळे तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलाय. बावीस वर्षांत तिने एकही थर वाया घालवलेला नाही. हे मी सांगत नाही, शिलाईवाल्या बायका सांगतात, आणि त्या कुणाचं फुकट कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. रोज सकाळी त्यांना शर्ट घालायला अर्धा तास लागायचा. हात बाहीत जाईना, खांदा दुखे, आणि हा एवढा धिप्पाड माणूस पोरासारखा रडे. पंधरा दिवस मावशीने ते पाहिलं. सोळाव्या दिवशी तिने काकांचा जुना शर्ट उसवला आणि खांद्यापासून बगलेखाली कमरेपर्यंत उघडणारा नवा बेतला. शिवणीच्या जागी टिचबटणं. हात उचलायलाच नको. माणूस पडल्यापडल्या शर्ट अंगावर पसरायचा, टचटच बटणं लावायची, की झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तो पाहिला आणि आणखी दोन मागितले. वर्षभरात चाळीसेक शर्ट गेले, आणि मावशीच्या डोक्यात आलं की याचाच धंदा करावा.

बँकेसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आजवर कर्जासाठीचे शेकड्याने प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप केलेत मी. बहुतेक थापांची गाठोडी असतात. एकाचा उतारा दुसऱ्यात, दुसऱ्याचे आकडे तिसऱ्यात. मावशी मात्र चार रविवार माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने एक ओळ खोटी लिहू दिली नाही. ‘बाजारपेठ’ या रकान्यासाठी ती सरकारी हॉस्पिटलच्या तीन वॉर्डांत फिरली, आयांशी बोलली, स्वतःच्या हाताने रुग्ण मोजून आली.

‘तुमचे स्पर्धक कोण?’ हा रकाना आला तेव्हा मी म्हटलं, “मावशी, इथे एखाद्या कंपनीचं नाव टाकूया.”

“कंपनी कशाला? कात्री लिही,” ती म्हणाली. “लोक चांगला शर्ट पाठीवर टराटरा कापतात आणि वर सेफ्टी पिना लावतात. माझी स्पर्धा त्या कात्रीशी आहे.”

मी तेच लिहिलं. बारा पानं झाली. माझ्या दुकानातून इतका खरा रिपोर्ट बाहेर पडल्याचं मला तरी आठवत नाही.

बँकेच्या साहेबांनाही तो आवडला. कात्रीचं वाचून ते हसलेसुद्धा. मग म्हणाले, “बेतकामाच्या अनुभवाचा दाखला तेवढा लावा, मालकाच्या सहीचा.” आमचं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं.

मावशी मालकाकडे गेली. मालकाने दाखला दिला, लगेच दिला. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. “सदर महिला आमच्या आस्थापनेत बावीस वर्षे हेल्पर या पदावर कार्यरत असून दोरे तोडणे, झाडलोट करणे व गठ्ठे उचलणे ही कामे करते. वर्तणूक चांगली आहे.”

वर्तणूक चांगली! ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कटरचा, म्हणजे बेतणाऱ्याचा, पगार हेल्परच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे बावीस वर्षं हिच्याकडून कटरचं काम घ्यायचं, पगारपत्रकावर हेल्पर लिहायचं, आणि वर वर्तणूक चांगली! चांगली नसती तर ती केव्हाच कोर्टात गेली नसती का?

मावशी तो कागद घेऊन परत मालकापुढे उभी राहिली. “मालक, बेतते कोण मग?”

“तू बेततेस गं, मी कुठे नाही म्हणतो?” मालक म्हणाला. “पण कागदावर लिहिलं तर उद्या बावीस वर्षांच्या पगाराचा फरक मागशील. मी काय कारखाना विकू?”

“फरक नको मला. दाखला द्या.”

“आज नको म्हणशील. बायकांचं काही सांगता येत नाही.”

तिने हेल्परचाच दाखला फाइलला लावला. साहेबांनी फाइल परत दिली. “योजना उत्तम आहे हो. पण गठ्ठे उचलणारी बाई कापड बेतेल कशी? मला वर उत्तर द्यावं लागतं.” तिच्या घरी काकांच्या अंगावर तो शर्ट होता. बँकेपासून पायी पंधरा मिनिटांवर. पाहायला कुणी आलं नाही. एका कागदावर सगळं संपलं.

तीन आठवड्यांनी मालकाचा कारकून माझ्या दुकानात आला. कारखाना वाढवायला मालकालाही कर्ज हवं होतं, त्याच बँकेकडून, त्याच साहेबांकडून. रिपोर्टच्या तीन प्रती बांधून द्यायच्या होत्या. गिऱ्हाइकाचे कागद मी वाचत नाही, पण बाइंडिंगला पानं क्रमाने लावावी लागतात. सातव्या पानावर ‘तांत्रिक मनुष्यबळ’ होतं. पहिलीच ओळ: “मुख्य कटर, बावीस वर्षांचा अनुभव असलेली अत्यंत कुशल महिला.” शेजारी फोटो. टेबलावर वाकलेली माझी मावशी, डाव्या हातात सुरी.

भोकं पाडायच्या मशीनवर माझा हात तसाच राहिला. बँकेकडून पैसे काढायचे तेव्हा मुख्य कटर, आणि तिने स्वतःसाठी तेच मागितलं की झाडलोट! कारकून समोर नसता तर मी त्या पानाची झेरॉक्स तिथेच काढली असती. संध्याकाळी मावशीकडे गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

“बांधलेल्या प्रती उद्या न्यायला येणार आहेत, त्याआधी त्या पानाची झेरॉक्स काढते,” मी म्हटलं. “साहेबांच्या टेबलावर आपटू.”

“काही नको,” ती म्हणाली. काकांची बटणं लावत होती. “गिऱ्हाइकाचा कागद फिरवलास तर तुझ्या दुकानात कोण येईल? आणि चोरून आणलेल्या कागदाने मी कशाला खरी ठरू?” शेवटचं बटण तिने लावलं. मग विचारलं, “एवढं मोठं कर्ज देताना बँकवाले कारखाना बघायला येतात ना गं?”

येतात. मोठ्यांच्या घरी बँक चालत जाते.

पुढचं मी तिच्याकडून, शिलाईवाल्या बायकांकडून आणि नंतर साहेबांकडूनही ऐकलं. तिघांच्या सांगण्यात फरक नाही. साहेब आले त्या दिवशी मावशीने सकाळपासून सुरीला हात लावला नाही. झाडू घेतला आणि अख्खा कारखाना झाडून काढला. मग कोपऱ्यात बसून तयार शर्टांचे दोरे तोडत राहिली. टेबलावर साठ थर अंथरलेले तसेच. मालक साहेबांना घेऊन आत आला, मशीनं दाखवली, टेबल दाखवलं.

“आणि या तुमच्या मुख्य कटर कुठे आहेत?” साहेबांनी फाइल उघडून विचारलं.

“बाई, जरा पुढे या. तुम्ही साहेबांना बेतून दाखवा,” मालक म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ‘तुम्ही’.

मावशी उठली, पदराला हात पुसले. “मी हेल्पर आहे, साहेब. मला बेतता येत नाही. मालकांनी लिहून दिलंय.” आणि डब्याच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला दाखला काढून तिने टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो ओळखला. त्यांनीच परत केलेला होता तो. त्याच्या शेजारी त्यांनी मालकाच्या फाइलचं सातवं पान उघडून ठेवलं. वर तिचा फोटो, समोर ती. मशीनं एकेक करून थांबली.

“यातला खरा कागद कोणता?” साहेबांनी विचारलं.

मालकाचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. दाखला खरा म्हटला तर रिपोर्ट खोटा आणि कर्ज गेलं. रिपोर्ट खरा म्हटला तर दाखला खोटा. दोन मिनिटं त्याने घाम पुसला. मग कारकुनाला लेटरहेड आणायला सांगितलं. नवा दाखला त्या बेतायच्या टेबलावरच लिहिला गेला. मावशीने प्रत्येक ओळ वाचली, ‘२२’च्या पुढे अक्षरी ‘बावीस’ लिहून घेतलं, शिक्का वाळेपर्यंत थांबली. मग सुरी उचलली आणि साठ थर सरळ रेषेत कापून दाखवले.

तिचं कर्ज दोन महिन्यांनी मंजूर झालं. मालकाचंही झालं, लवकर झालं. लोक म्हणतात, शेवट गोड झाला. मला नाही गोड वाटत. ती तीच होती, हात तोच होता, घट्टासुद्धा तोच. मालकाला गरज पडेपर्यंत तिचं काम खरं नव्हतं, एवढंच मला त्यात दिसतं. फरकाचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय. सही करायला ती अजून तयार नाही. म्हणते, शब्द दिला होता.

धंदा सुरू करायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. दोन बायका कामावर घेतल्या होत्या, त्यांची नेमणूकपत्रं हवी होती. मी सवयीने टाइप करायला घेतलं आणि पदाच्या रकान्याशी थांबले.

“हेल्पर लिहू का आत्ता? शिकल्या की बदलता येईल.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

“त्या उद्या सकाळी काय करणार आहेत?” तिने विचारलं.

“बेतणार आहेत.”

“मग तेच लिही. आणि तारीख उद्याची घाल.”