अर्ध्या हाताचे चाळीस तुकडे

साळूबाईला अक्षर येत नव्हतं, पण कापड पाहिलं की तिला घर कळे. कुणाचं लुगडं किती वर्षं नेसलं, कुठे फाटलं, कुणी घाईत दंड घालून जोडलं, सगळं. ती ते कधी कुणाला सांगत नसे, नुसती गालात हसे. पाथर्डीकडून लग्न होऊन पारनेरला आली तेव्हा आईचं दाभण बरोबर घेऊन आली होती. आता पन्नाशी उलटली, तरी गावातली निम्मी माणसं तिच्याच हातच्या गोधड्या पांघरून झोपत. मापाच्या टेपला तिने कधी हात लावला नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, तोच तिचा टेप.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि नृसिंह गुरुजींनी तिला बोलावणं धाडलं. तिसरी-चौथीचे वर्ग तीस वर्षं शिकवून गुरुजी निवृत्त झालेले. घरात ते आणि सून सुनीती. मुलगा शामकांत नगरला नोकरीला, शनिवारी यायचा. गुरुजींच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या लुगड्यांची गोधडी करायची होती.

"हिशेब मी केलाय," गुरुजी म्हणाले. "चार हात रुंद, पाच हात लांब. एक हाताचे वीस चौकोन लागले असते. मी अर्ध्या हाताचे घेतलेत, म्हणजे दुप्पट. चाळीस. मोजून कापलेत."

साळूबाईने एक तुकडा उचलून हातावर धरला. "चारी बाजूंनी अर्धा हात?"

"अर्थात."

"मग न्हाई पुरायचे, गुर्जी."

"साळूबाई, गणित मला शिकवू नकोस."

गोधडीच काय ते सांगेल, असं मनाशी म्हणून तिने दाभणात दोरा ओवला.

ओटीवर बसून शिवताना घरातलं सगळं कानावर पडे. सुनीतीला नगरच्या एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा द्यायची होती. मिळाली असती तर नवऱ्यापाशी बिऱ्हाड करता आलं असतं. अर्ज भरून तयार होता, पण गुरुजींच्या पेटीत. त्यांची अट होती: मी दहा गणितं घालीन, दहाच्या दहा बरोबर आली तर अर्ज जाईल. आणि अर्ज पोचवायचा शेवटचा दिवस उद्याचा.

"अन् नऊ आली तर?" साळूबाईने विचारलं.

"तर पुढच्या वर्षी," सुनीती म्हणाली.

"दहाचं काय न्हाई त्यात. दोन वेळचा चहा कोन देनार, ह्यो हिशेब हाय."

"हळू बोला हो!" सुनीतीने पदर तोंडाशी नेला, पण हसू काही लपलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईचे तुकडे संपले आणि त्याच वेळी आतून गुरुजींचा आवाज आला. "नऊ! एक चुकलं. पाव, पावाचा वर्ग आणि पावाचं वर्गमूळ लहानापासून मोठ्याकडे लावायला सांगितलं, तर वर्ग आधी लिहितेस आणि वर्गमूळ शेवटी? वर्ग केला की संख्या वाढते. चाराचा वर्ग सोळा, चाराचं मूळ दोन!"

"पण मामंजी, पाव एकापेक्षा लहान..."

"नियम तो नियम."

सुनीती ओटीवर आली. डोळे भरले होते.

"वर्ग म्हंजी काय वो?" साळूबाईने विचारलं.

"एक बाजू धरायची आणि तेवढ्याच बाजूच्या चौकोनात कापड किती ते पाहायचं."

"अर्ध्या हाताच्या चौकोनात पाव कापड. एका हाताला चार लागत्यात."

"आणि पाव हाताचा चौकोन?" सुनीतीने डोळे पुसले.

"चिंधीच ती. सोळा लागतील."

"मग चौकोनात भरून पाव कापड हवं असेल, तर बाजू केवढी धरायची?"

"अर्धा हात. आत्ताच सांगितलं की!"

"म्हणजे माझं बरोबरच होतं!" सुनीती म्हणाली. साळूबाईने गोधडी ओटीवर पसरली आणि हाक मारली, "गुर्जी, या. जरा निजून दाखवा. माप घ्यायचंय."

गुरुजी कुरकुरत आले, आडवे झाले. साळूबाईने गोधडी त्यांच्या अंगावर ओढली. रंगीत तुकडे गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत आले. खाली पायांवर नुसतं अस्तर.

"बाकीचे कुठेत?"

"चाळीस लावलेत. मोजा."

गुरुजी उठले. आठाच्या पाच ओळी बोटाने मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. साळूबाईने आपला हात गोधडीवर आडवा ठेवला, मग उभा. "ह्यो एक हाताचा चौकोन. ह्यात बसलेत किती?"

"चार," गुरुजी सावकाश म्हणाले.

"तुमी धरले दोन. म्हनून पाय उघडं."

गुरुजींच्या हातात अजून सुनीतीचा कागद होता. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग गोधडीकडे. "अर्ध्याचा वर्ग पाव," ते पुटपुटले, "लहानच झाला की. जन्मभर मी पूर्णांकच शिकवले." त्यांनी लाल पेन्सिलीने नऊ खोडून दहा केले, पेटी उघडली आणि अर्ज सुनीतीपुढे धरला. "बाराची एसटी गाठ. बघतेस काय?"

सुनीती वाकून नमस्कार करून पळालीच.

"आता चाळीस तुकडे आणखी," साळूबाईने कात्री पुढे केली. गुरुजींनी पट्टी न घेता, तिच्यासारखं हातानेच मापून कापायला घेतले. मधेच उठून त्यांनी स्वतः चहाही केला. साखर विसरले होते. साळूबाईने तो तसाच पिऊन टाकला.

परीक्षा देऊन सुनीती परतली, तेव्हा साळूबाई एसटी थांब्यावर उभी. "तो पावाचा आला व्हता का?"

"पावाचा नाही, चार नवमांशाच्या वर्गमूळाचा आला. नऊ तुकड्यांतले चार."

साळूबाईने डोळे बारीक केले. "नऊ म्हंजी तीनाच्या तीन ओळी. त्यातले चार, दोनाच्या दोन. बाजू तीनातली दोन."

"तेच लिहिलं, साळूबाई!"

पुढच्या जूनमध्ये सुनीती नगरला कामावर रुजू झाली. गुरुजी गोधडी काखेत मारून तिच्याबरोबर गेले. गोधडीचा खालचा निम्मा भाग जरा तिरका आहे. पण पाय झाकले जातात.