बोंबलाचा वास आणि वरच्या मजल्यावरच्या मुली

आमच्या सासूबाईंचा स्वयंपाकात हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. नवऱ्याला नोएडात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, आम्ही नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि त्या मुंबईहून सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आल्या.

सोसायटी कसली, नुसता चकचकाट! लॉबीत संगमरवर आणि नळाला पाणी नाही. बिल्डर फोन उचलेल तर शपथ! अशात कमिटीची निवडणूक आली. उभे राहिलेले गृहस्थ बिल्डरचेच दोस्त, ते पाण्यावर कशाला बोलतायत? त्यांनी विषय काढला वासाचा. आमच्या वरच्या मजल्यावर मिझोरामच्या दोन बहिणी भाड्याने राहायच्या, कॉल सेंटरमध्ये कामाला होत्या. फार गोड पोरी. लिफ्ट बंद असली की सासूबाईंच्या हातातली भाजीची पिशवी हिसकावून घेऊन वर पोचवायच्या.

"ये लोग पता नहीं क्या क्या पकाते हैं," गृहस्थ मीटिंगमध्ये म्हणाले. कुणी त्या पोरींच्या डोळ्यांवरून टिंगल केली, लोक हसले. पाण्यावरून तापलेली माणसं बघता बघता त्या पोरींवर घसरली. त्यांना घर खाली करायला लावायचं जवळजवळ ठरलंच. दोघी मागे भिंतीला टेकून खाली बघत उभ्या होत्या.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "अगं, हे माझ्या बोंबलांबद्दल चाललंय की काय?" मी काही बोलायच्या आत त्या उठल्यासुद्धा.

"भाईसाब, वो बास मेरे घर का है! मैं भूनती है बोंबील!"

गृहस्थ हसले. "अरे माताजी, आपकी बात अलग है. आप तो अपनी हैं, ओनर हैं."

"क्यूं अलग? मच्छी वही, नाक वही! मेरा खुद का घर है तो मेरा बास अच्छा? और इनको निकालके नल में पानी आएगा क्या?"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "हां जी, पानी का क्या हुआ?" आणि जो काही गोंधळ झाला! बाई गं, तेव्हा सासूबाईंचं जितकं प्रेम आलं, तितकं मला नवऱ्याचंसुद्धा कधी आलं नव्हतं.

निवडून तेच गृहस्थ आले. पोरी मात्र राहिल्या. फक्त त्या दिवसापासून स्वयंपाक करताना त्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या, अगदी मे महिन्यातसुद्धा. आमच्या खिडक्या सताड उघड्या. तव्यावर बोंबील परतता परतता सासूबाई मान बाहेर काढून वर ओरडायच्या, "अगं, उघडा गं पोरींनो, गुदमराल!"

मराठी त्यांना कळायचं नाही. खिडकी काही उघडायची नाही.