मामांनी सुधारलेलं मँडोलिन

माझ्या मामांनी उभ्या जन्मात बाजारातून आणलेली एकही वस्तू आणली तशी वापरली नाही. वस्तू घरात आली की आधी पडवीतल्या बाकावर आडवी व्हायची. मामा चष्मा पुसून तिच्याकडे बराच वेळ बघायचे, "कंपनीक घाय आसता, माका खंय आसा?" असं पुटपुटायचे आणि कानस घेऊन तिच्या मागे लागायचे. छत्रीचं लोखंडी टोक काढून त्यांनी तिथे पितळेचा असा दणदणीत गोळा बसवला होता, की ती छत्री जाताना उजव्या हातात आणि येताना डाव्या हातात धरावी लागे. घराचं कुलूप त्यांनी इतकं भक्कम केलं की एक अख्खा पावसाळा मामा-मामी मागच्या दाराने ये-जा करत होती आणि पुढच्या दाराला ते कुलूप मोठ्या रुबाबात लटकत होतं. मामीच्या विळीला त्यांनी मिटती करायला बिजागरी लावली. ती एकदा मामी नारळ खवत असतानाच मिटली. तेव्हापासून मामी नारळ शेजारच्या विळीवर खवायची आणि मामांची विळी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायची. त्या बाईच्या सहनशक्तीवर वेगळं लिहायला हवं.

मामा आमच्या आईचे थोरले भाऊ. किनाऱ्याने फिरणाऱ्या आगबोटीच्या इंजिनात त्यांची सगळी नोकरी झाली आणि मग मिठबावच्या घरी येऊन बसले. समुद्रावर राहून त्यांचं लोखंडाशी हाडवैर जडलं होतं. "लोखंड आणि खारो वारो एका घरात रवणत नाय," असं ते म्हणायचे आणि लोकांच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी खिडकीचे खिळे नखाने खरवडून बघायचे. घरात फक्त एका वस्तूला त्यांनी कधी कानस लावली नाही. नोकरी सोडताना बोटीवरच्या सोबत्यांनी त्यांना धुक्यात फुंकायचा पितळी भोंगा दिला होता, तोंडाशी नांगर कोरलेला. तो पडवीत खिळ्याला असायचा, खिळाही अर्थात पितळेचा. रोज तिन्हीसांजेला मामा अंगणात उभे राहून तो एकदाच फुंकायचे. वाडीतल्या बायका त्यावर दिवे लावायच्या. त्याला काही सुधारणा नको का, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं होतं, तर म्हणाले, "तेका हात लावूचो नाय. तो बरो आसा." मामांच्या तोंडून कुठल्याही वस्तूची एवढी तारीफ मी दुसऱ्यांदा ऐकली नाही.

तर अशा माणसाच्या हातात माझं मँडोलिन पडलं. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता. माझ्या भावाने मुंबईहून येताना दुकानातलं सगळ्यात स्वस्त मँडोलिन उचलून आणलं होतं. आमच्या मालवणच्या घराजवळ एक म्हातारी ख्रिस्ती बाई राहायची, तिच्याकडे बसून मी ते शिकले. माझा स्वत:चा गळा म्हणजे गंजक्या रहाटाची बहीण, त्यामुळे सगळी हौस त्या आठ तारांवर. मँडोलिन दिसायला गोड होतं, पण त्याच्या खुंट्या म्हणजे नुसता चावटपणा. तार पिळून सुरात आणावी, अर्धं गाणं वाजवावं, तोवर खुंटीमागची दातेरी चाकं हळूच मागे सरकलेली असायची. तारा अडकवायचा शेपटाकडचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते आणि तारा ज्यावर टेकतात ती घोडी इतक्या भुसभुशीत लाकडाची होती की तारा तिच्यात रुतत चालल्या होत्या.

एरवी हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण नेमकं तेव्हा माझं सगळं आयुष्य त्या खुंट्यांवर येऊन ठेपलं. बाबांनी माझ्यासाठी रेडीचं एक स्थळ आणलं होतं. बिजवर, वयाने बाबांच्या जवळचा आणि बोटीत लोखंडाची माती भरून देण्याच्या कंत्राटात गब्बर. मी नको म्हणत होते आणि माझं नको कोणी धरत नव्हतं. तेवढ्यात गावात मुलींची एक शाळा निघाली. तिथली पेटी उंदरांनी कुरतडली होती आणि प्रार्थनेला, गाण्यांना सूर धरायला कुणीतरी बाई हवी होती. रविवारी सकाळी येऊन वाजवून दाखवा, असा निरोप आला. बाबा म्हणाले, नोकरी लागली तर रेडीचा विषय बंद, नाही लागली तर सोमवारी होकार कळवतो. बाबा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी.

आईने घाबरून आपल्या भावाला बोलावून घेतलं. मामांनी मँडोलिन मांडीवर घेतलं, शेपटाचा पत्रा नखाने खरवडला आणि हा बिस्किटाच्या डब्याचा आहे, असं जाहीर केलं. रेडीचं स्थळ लोखंडवाल्याचं आहे हे कळल्यावर तर त्यांनी आणखी काही विचारलंच नाही. मँडोलिन पंचात गुंडाळून ते पहिल्या मोटारीने मिठबावला घेऊन गेले. गुरुवारी परत येणार होतं. गुरुवारी मँडोलिन आलं नाही, निरोप आला की घोडीचं लाकूड बघतोय. शुक्रवारी निरोप आला की लाकूड मिळालं, चाकं बाकी आहेत. रिकाम्या हाताने मी मांडीवर बोटं फिरवून सराव करत होते आणि बाबा पंचांग उघडून बसले होते. शनिवारी सकाळी आईने पदर खोचला आणि मला घेऊन थोडं मोटारीने, थोडं खाडीवरच्या तरीतून, थोडं चालत मिठबाव गाठलं.

पडवीत शिरलो तर माझं मँडोलिन वाशाला उलटं टांगलेलं. ना खुंट्या, ना घोडी, ना एक तार. खाली एका वाडग्यात कोकमाच्या आंबट रसात, आगळात, पितळेचे तुकडे बुडवून ठेवलेले, चकाकायला. मामा बाकावर बसून एका इवल्याशा चाकाला दाते पाडत होते, जसं काही सगळं आयुष्य पुढे पडलंय. मला रडू फुटलं. आई कधी भावापुढे आवाज चढवायची नाही, पण त्या दिवशी तिने चढवला. "रे दादा, माझ्या चेडवाचा नशीब तू वाशाक टांगून ठेवलंस मरे," ती म्हणाली. मामांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चष्मा लावून काम धरलं. त्यानंतर मात्र त्यांची कानस ज्या वेगाने चालली, तशी मी ना आधी पाहिली ना नंतर.

एकेक तुकडा बसत गेला. होड्यांना वापरतात त्या उंडीच्या लाकडाची घोडी, खुंट्यांना नवी पितळी चाकं, शेपटाला पितळेचा जाड पत्रा. तारांचा दुसरा संच घरात काय, अख्ख्या तालुक्यात नव्हता. एक तुटली असती तरी खेळ खलास. शेवटची बारीक तार मामा ताणत होते तेव्हा मामी देव्हाऱ्याकडे तोंड करून उभी होती आणि आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. तार कुरकुरली, चढत गेली आणि थांबली. घोडी नेमकी कुठे हवी ते मी कानाने ठरवलं आणि वाजवून बघितलं. सूर जागचा हलेना. मँडोलिनच्या पाठीला आणि कडांना तपकिरी तकाकी आली होती, एक उग्र वासही होता, पण मिठबावच्या किनाऱ्यावर तो वास सगळीकडेच असतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मामा मात्र अजून सोडायला तयार नव्हते. "मंगळवारपर्यंत ऱ्हवांदे गो," ते म्हणाले. आईने सरळ मँडोलिन पंचात गुंडाळलं. मग मामाही सदरा चढवून, खिशात पक्कड टाकून आमच्याबरोबर निघाले.

घरी पोचल्यावर मी दिवे लागेपर्यंत आणि नंतर जेवणापर्यंत वाजवत राहिले. सकाळी उठले तर उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद, वर बारीक फोड आलेले आणि आग तर अशी की निखारा ठेवावा. आईने वास घेतला आणि कपाळाला हात लावला. काजूच्या टरफलांचं तेल. पाण्यात राहणाऱ्या होडीला लावतात ते, बिब्ब्यासारखं अंगावर उततं ते, मामांनी माझ्या मँडोलिनला मोठ्या मायेने दोन हात दिलं होतं. खोबरेल चोपडलं, लांब बाह्यांचं पोलकं घातलं आणि शाळेत गेले. दुसरा उपाय काय होता?

शाळेच्या कमिटीसमोर मी सतरंजीवर बसले. मुख्याध्यापिका आणि दोन गृहस्थ समोर. खिडकीबाहेर मामा, खिशातल्या पकडीवर हात ठेवून. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ते खुंट्यांकडे बघत होते. मी एक भजन धरलं. दुसऱ्या कडव्याला पोलक्याची बाही फोडांवर घासायला लागली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नाही, थांबले तर रेडी. दात आवळून मी वाजवत राहिले. घामाने बोटं निसटत होती, पण आठच्या आठ तारा जिथल्या तिथे उभ्या होत्या. भजन संपलं तेव्हा माझा पदर भिजला होता आणि मुख्याध्यापिकाही डोळे टिपत होत्या. "किती तल्लीन होता हो तुम्ही," त्या म्हणाल्या, "मुलींना तंत्र कोणीही शिकवील. हा भाव कुठून आणणार?" नोकरी मला तिथल्या तिथे मिळाली.

बाहेर आल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला तो सूर उतरला का, हा. नाही म्हटल्यावर त्यांनी पक्कड खिशात खोल ढकलली. मी बाही वर करून हात दाखवला. त्यांनी बारकाईने पाहिला आणि म्हणाले, "तेल सुकाक व्हया होता. घाय तुका होती." आणि तिथेच वळले. पाठमोरे असले तरी ते चष्मा पुसत होते एवढं मला दिसलं.

महिनाभराने हात बरा झाला. शाळेत एकदा प्रार्थनेनंतर मी शेपटाचा पत्रा आगळाने पुसत होते. बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. पत्र्याच्या कडेला नांगराचा एक आकडा कोरलेला होता, उरलेला नांगर कापला गेला होता. त्या रविवारी मी मिठबावला गेले. पडवीतला खिळा रिकामा होता. मामी म्हणाली, तुझ्या मँडोलिनसाठी गावभर फिरले, मुंबईचा माल बघितला, पण मनासारखं पितळ कुठे मिळेना. त्या शुक्रवारी दुपारी भोंगा काढला, बराच वेळ मांडीवर घेऊन बसले आणि मग करवत लावली. मामा बाकावर कसलंसं घड्याळ उघडून बसले होते. मी खिळ्याकडे बघतेय हे पाहून त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "कंपनीन घाईत केल्लो तो. जरा सुधारून घेतलंय."

वाडीतल्या बायका पुढे अंदाजाने दिवे लावायला लागल्या. मामा जाऊन आता खूप वर्षं झाली. मी तारा किती वेळा बदलल्या त्याचा हिशेब नाही, पण ती चाकं आणि तो पत्रा अजून तसेच आहेत. परवा नातवाने मुंबईहून आणलेल्या नव्या झगझगीत खुंट्या दाखवल्या, बसवून देऊ का म्हणाला. मी त्याला म्हटलं, त्याला हात लावायचा नाही, ते बरं आहे.