समोरचा काय म्हणतो?

"थांबा! समोरचा काय म्हणतो?" डावा पंजा वर करून ते एवढंच विचारायचे आणि तुमच्या-माझ्या तावातावाच्या गाऱ्हाण्यातली हवाच निघून जायची. आधी वकिली, मग न्यायाधीशाची खुर्ची, आणि निवृत्तीनंतर मुक्काम आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. पेठेत सगळे त्यांना जजसाहेब म्हणत. मी एकदा बायकोची तक्रार घेऊन वर गेलो, तर या गृहस्थांनी तिलाही हाक मारून वर बोलावलं. निकाल अर्थातच माझ्याविरुद्ध!

तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुखऱ्या गुडघ्यांनी खालून बादल्या न्यायच्या. साहेबांनी चार दिवस बादल्या उचलल्या, तर त्यांच्या कमरेनं संप पुकारला. महापालिकेत अर्ज करून थकले, तेव्हा म्हणाले, "आता नगरसेवकच होतो. हिला घरात पाणी मिळालंच पाहिजे."

आम्ही जिवाचं रान केलं हो. त्यांच्याविरुद्ध उभे होते पेठेतलेच एक सायकलचे दुकानदार. शेवटच्या सभेत साहेब झकास बोलले. टाळ्या पडल्या, मी आभार मानायला उठलो, तोच पंजा वर! "थांबा. समोरचा काय म्हणतो?" आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या सायकलवाल्यांना त्यांनी चक्क आमच्या व्यासपीठावर बोलावलं.

"अहो साहेब, हे कोर्ट नाही!" मी त्यांच्या कानाशी लागलो.

"म्हणून काय एकतर्फी निकाल लावायचा?"

सायकलवाले माइकपाशी आले आणि म्हणाले, "साहेबांनी जन्मभर लोकांना तारखा दिल्या. मी पाणी देईन."

झालं! सभा खदखदून हसली. साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते. असा संताप आला म्हणता मला! निवडणुकीत साहेब सपाटून आपटले.

निकालाच्या दिवशी काकू भरलेली बादली शेजारी ठेवून जिन्यातच बसल्या होत्या. साहेबांचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सायकलच्या दुकानात हजर. नव्या नगरसेवकांना हार घातला आणि म्हणाले, "हं, पाण्याची तारीख द्या."

"बघतो साहेब, पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात येतोच. उद्याही येतो."

आणि खरंच रोज जायला लागले. पंक्चर काढणं चालू असायचं आणि हे शेजारी स्टुलावर. शेवटी वैतागून का होईना, त्या माणसानं नवी पाइपलाइन आणली. वर नळ खळखळला तेव्हा काकूंनी पहिला तांब्या भरून साहेबांच्या हातात दिला. "घ्या, जिंकलात!" पाणी आल्यावरही साहेबांचं सकाळचं दुकान काही सुटलं नाही. स्टूल तेच, चहा मात्र आता नगरसेवकांचा.

साहेब गेले. शोकसभेत आम्ही एकामागून एक उठून त्यांना पार देव करून टाकलं. का कुणास ठाऊक, मला तो पंजा वर होईलसं वाटत होतं.

म्हातारे झालेले सायकलवाले उठले. "आता समोरच्याचं ऐका. माणूस महाचिकट. रोज सकाळी माझं डोकं खायचा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"स्टूल अजून तिथंच आहे. गिऱ्हाईक बसायला लागलं, की मी त्याला उठवतो."