न उगवलेली सरकी

त्या वर्षीचं काळंभोर, उघडं शिवार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि मी जळगाव जामोदकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

तिथल्या शेतकऱ्यांनी बियाणं, फाळ, गुरांसाठी ढेप एकत्र आणून वाटण्यासाठी सोसायटी काढली होती. त्या हंगामात सोसायटीची सरकी उगवलीच नाही. घरचं बियाणं पेरलेल्या शेजारच्या वावरांत मात्र कपाशी वर आली होती. गोदामाची किल्ली एका वयस्क पिंजाऱ्याकडे असे. सगळे त्यांना चाचा म्हणत. संशय त्यांच्यावर गेला. लोक तक्रार घेऊन ठाण्यात आले, तेव्हा चाचाच पुढे होते.

"साहेब, पह्यले मले कोठडीत टाका. मंग शोध करा."

मी त्यांना कोठडीत टाकलं नाही. गोदामाला मोहोर लावली आणि ज्या रस्त्याने सरकीच्या गाड्या आल्या, त्या नांदुऱ्याच्या रस्त्यावर जमादाराला पाठवलं. त्याने बातमी आणली. एका चहावाल्याने सोसायटीच्या गाड्या एका व्यापाऱ्याच्या कापसातून सरकी काढण्याच्या जिनात वळताना पाहिल्या होत्या. सोसायटी निघण्यापूर्वी त्या भागात बियाणं हाच व्यापारी विकत असे.

गाड्या आणणारा गाडीवान सोसायटीचाच सभासद होता. दुपारभर त्याचं एकच उत्तर, "मले काही माईत नाही."

धाकाने माणूस बोलतो, पण खरंच बोलेल असं नाही. मी त्याला शिवारात नेलं. एक विधवा सभासद पेरणीच्या तासात बसून माती उकरून पाहत होती. तिने मान वर केली आणि त्याला विचारलं, "भाऊ, तुह्या वावरात तरी निंघालं का?"

तिच्या मनात संशयही नव्हता. गाडीवान बांधावर बसला.

"पोती म्या बदलली," तो मला म्हणाला. "शेठजीच्या जागेत माहं घर हाय. घर खाली कर म्हणे. सरकी जुनी हाय, थोडी कमी उगवन, इतकंच सांगतलं त्यायनं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याच संध्याकाळी पंच घेऊन जिनाची झडती घेतली. त्याने सांगितल्याप्रमाणे ढेपेच्या थप्पीमागे सोसायटीची खरी पोती मिळाली. पंचनामा झाला. पण मुद्देमाल म्हणून ती ठाण्यात पडली असती, तर हंगाम हातचा गेला असता. मी घोड्यावरून तालुक्याला जाऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिलो. नमुने ठेवून बाकीची सरकी सोडवून आणली आणि दुबार पेरणी झाली. पुढे व्यापाऱ्याला शिक्षा झाली. गाडीवानालाही झाली, थोडी कमी.

सभासदांनी चाचांची माफी मागून किल्ली पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही.

"घेतो, पण एक अट हाय. आजपासून हरेक पोत्यातली मूठभर सरकी चावडीवर ओल्या फडक्यात बांधाची. उगवली तरच पोतं गोदामात."

सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "हाव, मंजूर."

त्या अटीची बातमी फिरली आणि आजूबाजूची गावं सोसायटीत येऊ लागली. माझी बदली होईपर्यंत दुसरं गोदाम उभं राहिलं होतं. गुन्हा उघडकीला आला की लोकांचा विश्वास आपोआप परततो, असा माझा समज होता. तो त्या गावाने मोडला. निरोप घ्यायला गेलो त्या दिवशी चावडीवर अध्यक्षांच्या स्वतःच्या वावरातली सरकी तपासायला आली होती. फडकं उघडलं, मोड अगदी थोडे. चाचांनी नकारार्थी मान हलवली. अध्यक्षांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि ते घरी निघाले.